घरची आइसकांडी दगडासारखी कडक का होते?

प्रश्न:
सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन फळांची आइसकांडी करण्याचा विचार आहे. मात्र साखर कमी केली की कांडी कडक होते आणि थोडी चोखल्यावर रंग-चव निघून जाऊन नुसता पांढरा बर्फ उरतो. यावर काय उपाय करावा?

प्रतिसाद १:
रस गोठताना त्यातील पाणी आधी गोठते आणि साखर, रंग व स्वाद बर्फाच्या स्फटिकांमधल्या फटींत साचतात, म्हणून चोखताना तेच आधी बाहेर येतात. पातळ रसाऐवजी गर घ्यावा. दोन वाट्या आमरस, एक वाटी चक्का आणि एक पिकलेले केळे एकत्र घुसळल्यास वेगळी साखर सहसा लागत नाही आणि कांडीही मऊसर होते. केळे कुस्करण्याचे काम पाच वर्षांचे मूलही आनंदाने करते. ओट्यावर सांडणार, हे गृहीतच धरावे.

प्रतिसाद २:
कोकमाची कांडी करायची असल्यास आगळ वापरू नये, कारण त्यात भरपूर मीठ असते. अमृत कोकम चालते, परंतु ते साखरेच्या पाकातले असल्याने त्याला पौष्टिक म्हणणे मला धाडसाचे वाटते. काडी मिश्रण अर्धवट गोठल्यावर खोचावी, म्हणजे ती सरळ उभी राहते.

प्रतिसाद ३:
कुल्फीही करून पाहावी. एक लिटर दूध निम्मे होईपर्यंत मोठ्यांनीच आटवावे आणि ते पूर्ण गार झाल्यावर वाटलेला खजूर व वेलचीपूड मुलांना घालू द्यावी. लहानग्यांसाठी बदाम-पिस्ते अख्खे न घालता त्यांची बारीक पूड करावी, कारण तुकडे घशात अडकू शकतात. साचा सुटत नसल्यास क्षणभर नळाखाली धरावा.