जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्याने खरोखर फरक पडतो का?

पानगळ (प्रश्न):

माझ्याकडे २०१३ सालचा एक पातळ बांध्याचा लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आणि आत बसवलेली, बाहेरून न निघणारी बॅटरी. त्यावर विंडोज १० आहे. त्या आवृत्तीचे नियमित सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत माझे यंत्र बसत नाही. सुरू केल्यापासून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत सात-आठ मिनिटे जातात. माझे काम अनुवादाचे असल्यामुळे मराठी टंकलेखन, शब्दकोश आणि ई-मेल याखेरीज फारशी गरज नाही. पण या यंत्राचा कळफलक हाताला इतका सरावला आहे की ते टाकून देणे जिवावर येते. शिवाय युनिकोडच्या (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फाँटमध्ये केलेले पुष्कळ जुने काम त्यात आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकल्यास हे यंत्र पुन्हा वापरण्याजोगे होईल का? टचपॅड अलीकडे दाबायला घट्ट झाला आहे, परंतु माउस जोडून काम भागते.

सावकाश:

होईल, मात्र त्याचे श्रेय एकट्या लिनक्सला मिळणार नाही. सात-आठ मिनिटांच्या विलंबाचे कारण बहुधा हार्डडिस्क आहे. फिरत्या चकतीवरचे वाचनटोक एका सेकंदात शंभराच्या आसपासच वेगवेगळ्या जागी पोहोचू शकते, आणि यंत्र सुरू होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. साधी साटा जोडणीची (जुन्या हार्डडिस्कच्याच जागी बसणारी) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवली तर हा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. माझ्या मते कार्यप्रणाली बदलण्याआधी हे करावे, कारण जुन्या डिस्कवर लिनक्स टाकून निराश झालेले आणि मग लिनक्सलाच दोष देणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

तोवर लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि स्थापित न करता तिथूनच चालवून पाहावी. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे सारे मूळ डिस्कला हात न लावता कळते. तेथील ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये आपल्या हार्डडिस्कची ‘स्मार्ट’ माहितीही, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली नोंद, दिसेल. खराब झाल्यामुळे बदली दिलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील लहान कप्प्यांची) संख्या वाढत असेल, तर दुसरे काहीही करण्यापूर्वी फाइलींची प्रत बाहेर काढावी.

निरांजन:

पानगळ, मला आपल्या प्रश्नातील टचपॅडविषयीच्या शेवटच्या वाक्याची काळजी वाटते. अशा पातळ यंत्रांत बॅटरी अनेकदा टचपॅडच्या अगदी खाली असते, आणि लिथियम-आयन बॅटरी फुगू लागली की टचपॅड खालून ढकलला जाऊन घट्ट होतो. कृपया चार्जर काढून, यंत्र पूर्ण बंद करून, सपाट टेबलावर ठेवून पाहावे. ते डुगडुगत असेल किंवा कडेची फट रुंदावली असेल, तर पुढचे सर्व प्रयोग थांबवावेत. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून सपाट करू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती जाणकाराकडून काढून ई-कचऱ्यात द्यावी. बरेच लॅपटॉप बॅटरीविना थेट विजेवर चालतात, मात्र काही यंत्रे अशा वेळी प्रोसेसरचा वेग आपणहून कमी ठेवतात, हे लक्षात असू द्यावे.

काना-मात्रा:

मराठीविषयी लिहितो, कारण मीही याच वाटेने गेलो आहे. टंकलेखनासाठी आयबस (लिनक्सवर निरनिराळ्या भाषांत टंकण्याची सोय) आणि त्यासोबत एम१७एन हे कळफलक-मांडण्यांचे पॅकेज घ्यावे. त्यात इनस्क्रिप्ट ही मराठीची प्रमाण कळफलक-मांडणी आहे आणि ध्वन्यानुसारी मांडणीही आहे. जोडाक्षरांत अडचण येत नाही.

जुन्या फाइलींचा प्रश्न निराळा आहे. त्यांत अक्षरे मुळी देवनागरी म्हणून साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. म्हणून फाँट नसेल तर लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये निरर्थक रोमन मजकूर दिसतो, आणि फाँटची फाइल तिथे बसवली की मजकूर पुन्हा वाचता येतो. तरीही त्यात शोध घेता येत नाही, म्हणून हळूहळू सर्व युनिकोडमध्ये आणावे. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जाई. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक वेळी बिघडला होता. मूळ फाइली मात्र कधीही पुसू नयेत.

पानगळ:

सर्वांचे मनापासून आभार, आणि निरांजन यांचे विशेष. यंत्र टेबलावर खरोखरच डुगडुगत होते. उघडल्यावर बॅटरी उशीसारखी फुगलेली निघाली. ती बदलून घेतली आणि टचपॅड आपोआप पूर्ववत झाला. मी तो केवळ झिजला आहे असे समजून अनेक महिने मांडीवर घेऊन काम करीत होतो.

त्याच वेळी एसएसडी बसवून मिंट टाकले. आता मिनिटभराच्या आत काम सुरू करता येते. अनपेक्षित लाभ म्हणजे, विंडोज १० साठी ड्रायव्हरच न मिळाल्यामुळे कपाटात पडून राहिलेला माझा जुना स्कॅनर येथे जोडताक्षणी ओळखला गेला. ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडली की मात्र यंत्र अजूनही अडखळते.

सावकाश:

ते ४ जीबी रॅममुळे होते. झेडरॅम सुरू करावे. त्यात तूर्त न लागणारी माहिती डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून, म्हणजे कमी जागेत मावेल अशी करून, ठेवली जाते. त्याने थोडी उसंत मिळेल. यंत्रात रॅमची रिकामी खाच असल्यास आणखी ४ जीबी घालणे अधिक चांगले, परंतु काही पातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, तेव्हा विकत घेण्याआधी मागचे झाकण उघडून पाहावे.