आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दोन लॅबमध्ये वेगवेगळा, खरा कुठला?

आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) मेटलचा बसवलाय, रक्त पातळ ठेवायची असिट्रोम गोळी चालू आहे. सकाळी एका लॅबमध्ये आयएनआर ४.१ आला, घाबरून दुपारी दुसरीकडे केला तर ३.२, आता गोळी कमी करायची की कसं?

> स्वतःहून गोळीला हात लावू नका हो, आधी डॉक्टरांना फोन. आणि निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली होती का? त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, ९ भाग रक्ताला १ भाग, रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि आकडा उगाच चढतो.

> लॅबवाला बोलतोय. रिएजंट (टेस्टचं रसायन) बदलला की आयएसआय, म्हणजे तो किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, बदलतो, तो धरूनच आयएनआर काढतात, तरी थोडा फरक राहतोच. एकच लॅब धरा.

> अरे हो, आईची शीर सापडत नव्हती, ट्यूब अर्धीच भरली होती! डॉक्टर म्हणाले डोस तोच, परवा परत टेस्ट.