स्विंग ब्रिज म्हणजे झुलता पूल?

स्कॉटलंडमधल्या किंकार्डिन पुलावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मूळ शब्द ‘स्विंग ब्रिज’. मी ‘झुलता पूल’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : खटकलं ते बरोबरच आहे. झुलता पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोरांवर टांगलेला पूल येतो. किंकार्डिनचा पूल तसा नाही. फोर्थ नदीवर १९३६ साली तो खुला झाला. नदीच्या वरच्या अंगाला अलोआ बंदर, तिथे जहाजं जायला वाट हवी, म्हणून मधला ३६४ फुटांचा गाळा फिरता ठेवला. हा गाळा मधोमध एकाच खांबावर तोललेला. जहाज आलं की रस्त्यावरची वाहनं थांबवायची आणि अख्खा गाळा आडवा वळवून नदीच्या प्रवाहाला समांतर करायचा. मग खांबाच्या दोन्ही अंगांनी जहाजाला वाट मोकळी. यात झुलणं कुठेच नाही, आहे ते फिरणं. नाटकवाल्यांचा ‘फिरता रंगमंच’ आठवा, गती अगदी तीच. म्हणून ‘फिरता पूल’ लिहा. ‘चलसेतू’ चुकीचा नाही, पण तो हलवता येणाऱ्या सगळ्याच पुलांना लागू पडतो. ‘हलता पूल’ मात्र नकोच, त्यावर पाय ठेवायला कोणी धजणार नाही!

प्रश्न : पण १९८८ नंतर तो फिरवलेलाच नाही. आता त्याचं फिरणं कायमचं बंद आहे. तरी ‘फिरता’?

उत्तर : हो, तरीही. बंद पडलेल्या सरकत्या जिन्याला आपण सरकता जिनाच म्हणतो ना? इथे ‘फिरता’ हे जातीचं नाव आहे, आज काय चाललंय त्याची बातमी नव्हे. फक्त क्रियापद सांभाळा : ‘पूल फिरतो’ नको, ‘पूल फिरत असे’ लिहा. मराठीतला हा ‘असे’ अशा जागी फार मोलाचा आहे, त्यात सवयही येते आणि ती सरल्याचंही कळतं.

आणखी एक : स्कॉटलंडमध्येच रेनफ्र्यू गावाजवळ व्हाइट कार्ट नदीवर १९२३ चा पूल आहे, ‘बॅस्क्यूल’ जातीचा. त्याला ‘फिरता’ म्हणू नका. त्याचं एक टोक वर उचललं जातं. मागची बाजू कमानीसारखी गोल आहे आणि उघडताना पूल त्या गोलाईवर मागे कलंडत जातो, लहान मुलांचा डुलणारा लाकडी घोडा मागे कलतो तसा. बॅस्क्यूल हा फ्रेंच शब्द, अर्थ बागेतला सीसॉ. मी त्याला ‘उचलता पूल’ म्हणेन.