खाडा, कूपन आणि उरलेला भात

पळीवाढा: होस्टेलच्या मेसची सक्ती उठवा, जेवेल त्याने कूपन फाडावं, पैसे आपोआप वाचतील, असं काल इथे एकाने ठणकावलं आणि त्यावर टाळ्याही पडल्या. हिशेब कुणी केला का? आचारी, भांडी घासणारे, फ्रीजचं वीजबिल हे ४०० ताटांना लागतं, जवळपास तेवढंच २०० ताटांना लागतं. समजा खर्चातले ६० टक्के असे बांधील आणि ४० टक्के शिधा. हजेरी निम्मी झाली की शिध्यातले २० वाचले. उरलेले ८० निम्म्या ताटांवर बसले, ताट १.६ पट महाग. मग आणखी मुलं बाहेर जाणार, ताट आणखी महागणार, आणि शेवटी मेसला कुलूप. उपाशी कोण? ज्याला बाहेरचं परवडत नाही तो.

कूपनवाला: तो 'एकाने' मीच. गणित बरोबर, निष्कर्ष सोयीचा. बिलाचे दोन भाग करा की! बांधील खर्च सगळ्यांवर सारखा, शिधा जेवणागणिक. सलग ३ दिवसांशिवाय खाडा (न जेवल्याची बिलात सूट) नाही, अर्ज आदल्या दिवशीच, असले नियम लावले की एखाददुसरं ताट चुकवणाऱ्याचे पैसे जातातच. त्याचा न शिजलेला शिधा कुणाच्या खात्यात जमा होतो, तेही सांगा.

पळीवाढा: आदल्या दिवशीच, कारण सामानाची मागणी तेव्हा जाते. ऐन वेळी ५० डोकी वाढली की रश्श्यात पाणी पडतं. मग बोंब मारायला तुम्हीच पुढे.

मुदपाक: अंदाजाला अर्ज कशाला? मागच्या ४ आठवड्यांतल्या त्याच वाराची हजेरी काढा, सुट्ट्या आणि परीक्षेचे दिवस वगळा. आधी ७० टक्केच शिजवा. बाकीचं चिरून, मोजून तयार ठेवा, दारावरची मोजणी बघत दोन घाण्यांत चढवा. आणि उरलेलं दोनदा वजन करा, पातेल्यातलं वेगळं, ताटातलं वेगळं. पातेल्यात उरलं तर अंदाज चुकला, ताटात उरलं तर चव किंवा वाढप चुकलं. सगळं एकाच पिंपात ओतलं की काहीच कळत नाही.

झाकणउघड: एवढा खटाटोप? उरला भात तर सकाळी परतून द्या. हाय काय अन् नाय काय.

मुदपाक: रात्रभर पातेल्यात ठेवलेला? बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. खोल पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात.

झाकणउघड: परतताना मरतातच की.

मुदपाक: जंतू मरतील. उलट्या करवणारं विष प्रेशर कुकरलाही दाद देत नाही. खाल्ल्यावर साधारण १ ते ६ तासांत पोरं ओकायला लागतात आणि नाव पाण्याचं निघतं. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर पसरट ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थर देऊन २ तासांच्या आत फ्रीजमध्ये, ५ अंशांखाली.

पळीवाढा: आणि वाफाळतं पातेलं अख्खंच्या अख्खं फ्रीजमध्ये कोंबू नका. शेजारचं दूधही तापतं.

वरचीखाट: भातातून बाहेर येता का? खरी गोची वेगळीच आहे. खोली हवी तर मेस घ्यावीच लागते, मेस सोडली तर खोली जाते. दोन करार वेगळे करा, मग कूपनांवर भांडा. आणि प्रयोगशाळेतून मुलं येतात तेव्हा मेसचं दार बंद असतं, त्याचं काय? नाव आणि वेळ लिहून ताट झाकून फ्रीजमध्ये ठेवणं, खाताना वाफ येईपर्यंत गरम करणं, एवढंही जमू नये?

कूपनवाला: करार वेगळे, शंभर टक्के. बांधील भाग सगळ्यांनी भरायचा हे मी आधीच मान्य केलंय, पळीवाढांनी वाचलं असेल तर.

पळीवाढा: वाचलं. चालेल. पण तो आकडा कंत्राटात वर्षभरासाठी छापून घ्या, नाहीतर दर सत्राला तोच फुगत जाईल. खाडा एका जेवणाचा करा, मुदत आदल्या संध्याकाळची. त्याखाली मी येणार नाही.

झाकणउघड: बरं, भात फेकतो. खूश?

मुदपाक: कालचा, पातेल्यातलाच ना? फेका. आणि पातेलं गरम पाण्याने घासा.