सोव्हिएत घरांत साचलेले रूबल: बचत की नाइलाज?

रिकामा खिसा: १९८० च्या दशकात सोव्हिएत बचत खात्यांवर व्याज जेमतेम दोन-तीन टक्के होतं, तरी ठेवी फुगतच होत्या. भाव सरकारने बांधलेले, पगार वाढते, दुकानांत खडखडाट. खर्चायला जागाच नाही म्हणून पडून राहिलेला पैसा हा. त्याला बचत म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

चष्मिष्ट: लोक इतके बावळट नसतात हो. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई म्हणत तेच खरं: हवं ते नाही मिळालं की माणूस मिळेल त्यावर भागवतो. शिवाय कोल्खोझ बाजार, म्हणजे सामूहिक शेतीवरचे शेतकरी आपला माल खुल्या भावाने विकत तो बाजार, होताच. भाव चढा, पण मांस मिळायचं. आणि रोकड बाळगण्यामागे पक्का हिशोब होता. रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं, "काय आलंय?" खिशात जाळीची पिशवी आहे पण रूबल नाहीत, तर नंबर लागून उपयोग काय? मोटारीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं आणि नंबर आला की सगळी रक्कम भरायची. टंचाईत पैसा जवळ लागतोच, उलट जास्तच लागतो.

सदाशिवकन्या: आपल्याकडेही चेतकसाठी बुकिंगचे पैसे भरून लोक वर्षानुवर्षं थांबलेच की. ती काय सक्तीची बचत होती?

रिकामा खिसा: ताई, इथे उरलेल्या पैशात सोनं, जमीन घेता येत होती. तिथे जमीन सरकारची. आणि चष्मिष्ट, लोक एवढ्या हिशोबाने पैसा ठेवत होते, तर सरकारची झोप का उडाली? २२ जानेवारी १९९१ ला रात्री पंतप्रधान पावलोव्ह यांच्या सरकारने ५० आणि १०० च्या नोटा रद्द केल्या. बदलायला तीन दिवस, माणशी १००० रूबल, खात्यातून महिन्याला ५०० च काढायचे. पुढे २ जानेवारी १९९२ ला रशियात भाव मोकळे झाले आणि वर्षभरात किमती सुमारे २६ पट! दाबून ठेवलेला पैसा बाहेर पडला, दुसरं काय.

चष्मिष्ट: पावलोव्ह बनावट नोटा आणि काळ्या पैशाचं कारण देत होते. ते खरं मानू नका, मीही मानत नाही. पण २६ पटींचं सगळं खापर म्हाताऱ्यांच्या पासबुकावर फोडू नका. त्या दोन वर्षांत तूट भरायला नव्या नोटा छापल्याच ना? जुना साठा किती, नवी छपाई किती, हे आधी वेगळं काढून दाखवा. मग बोलू.