मदत हवी आहे: प्रेझेंट परफेक्ट साधा कधी आणि कंटिन्युअस कधी?

नमस्कार मंडळी,

क्रिया पूर्ण झाली की 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, अजून चालू असेल तर 'हॅव बीन' आणि आयएनजी, असा नियम पाठ केलाय. पण साधी साधी वाक्यंसुद्धा त्यात बसत नाहीत. 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स.' ओळख आजही आहे, तरी आयएनजी नाही. उलट 'द रोड इज वेट, इट हॅज बीन रेनिंग.' इथे पाऊस थांबलेला असला तरी कंटिन्युअस चालतं. आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स 2015' व 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स 2015' ही दोन्ही वाक्यं बरोबर कशी? मला पाठांतर नकोय, बोलताना पटकन ठरवता यायला हवं. कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १

पूर्ण की अपूर्ण, हा प्रश्न सोडून द्या, तिथेच सगळं अडतं. बोलणाऱ्याला काय सांगायचंय ते बघा: काय झालं, की काय चाललं होतं?

'आय हॅव पेंटेड द डोअर.' दार रंगवून झालं, बघून घ्या. 'आय हॅव बीन पेंटिंग द डोअर.' हे 'हाताला काय लागलंय?' याचं उत्तर. दार पुरं झालं की अर्धं राहिलं, याबद्दल हे वाक्य काही बोलतच नाही. तुमचा ओला रस्ता याच जातीचा.

म्हणूनच किती झालं ते मोजून सांगताना साधा परफेक्ट येतो: 'शी हॅज रिटन फाइव्ह ईमेल्स.' किती वेळ चाललंय हे सांगायचं तर बहुतेकदा कंटिन्युअस: 'शी हॅज बीन रायटिंग ईमेल्स ऑल मॉर्निंग.'

नो, बिलीव्ह, ओन ही क्रियापदं कृती नव्हे, स्थिती सांगतात. त्यांना इथे आयएनजी लागत नाही, कितीही वर्षं उलटोत. लिव्ह आणि वर्क यांना दोन्ही रूपं चालतात. मुक्काम तात्पुरता वाटत असेल तर कल कंटिन्युअसकडे. 'ऑलवेज' आलं की मात्र 'आय हॅव ऑलवेज लिव्ह्ड हिअर' असंच.

धागाकर्ता

दाराच्या उदाहरणाने बरंच सुटलं, मनापासून आभार! अजून एक. 'आय ॲम वेटिंग सिन्स टेन ओ'क्लॉक' हे सर्रास ऐकू येतं. ते चालेल का?

प्रतिसाद २

प्रमाण इंग्रजीत नाही. आपण 'मी दहा वाजल्यापासून थांबलोय' असं सहज म्हणतो, त्यामुळे तोंडात 'ॲम' येतं. तेव्हापासून आत्तापर्यंत असा पट्टा असेल तर 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स टेन.' सुरुवात कधी झाली ते सांगताना सिन्स, किती वेळ ते सांगताना फॉर. आणि 'यस्टरडे' किंवा 'इन 2019' असा संपलेला काळ आला की दोन्ही परफेक्ट बाद, सरळ साधा भूतकाळ: 'आय सॉ हिम यस्टरडे.'

नकाराकडेही लक्ष द्या. 'आय हॅवन्ट सीन हिम सिन्स मंडे' यात साधा परफेक्टच हवा, कारण भेट एकदाही झालेली नाही. पण 'आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल' यात कंटिन्युअस शोभतं, कारण सध्या रोज रात्री तेच चाललंय.