उपदेशाची तयारी सोडून स्वतःसाठी शास्त्र (बायबल) कधी वाचता?

नवा_पाळक: प्रभूमध्ये सलाम सर्वांना. छोट्या मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे, सेवेत येऊन फार वर्षं नाही झाली. सकाळपासून फोन सुरू, कोणी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट, कुणाच्या घरात भांडण, मग गृहभेटी, संध्याकाळी प्रार्थनासभा आणि मध्येच अंत्यविधी आला की सगळंच कोलमडतं. शास्त्र रोज उघडतो पण डोकं लगेच रविवारकडे पळतं, हा मुद्दा छान आहे, हे मंडळीला लागू पडेल वगैरे. प्रभू माझ्याशी काय बोलतोय ते राहूनच जातं. उपदेशाचा उतारा आणि मननाचा उतारा वेगळा ठेवता का तुम्ही?

जुना_सेवक: वेगळा ठेवा ब्रदर. उपदेश नव्या करारातल्या पत्रांमधून चालू असेल तर स्वतःसाठी स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं घ्या. रोज 5 वाचली तर 150 स्तोत्रं 30 दिवसांत होतात, पण संपवायचा हट्ट नको, एकावरच आठवडा गेला तरी जाऊ दे. मोठ्याने वाचा आणि वही-पेन लांब ठेवा. एज्रा 7:10 बघा, आधी नियमशास्त्राचा अभ्यास, मग तसं वागणं आणि शिकवणं त्यानंतर. मधलं गाळलं की मंडळीला बरोब्बर कळतं.

मंडळीतली_ताई: मी पाळक नाही, कमिटीत आहे, पण हे एकट्या पाळकाने सोडवायचंच नाही असं मला वाटतं. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा सात जण नेमले आणि प्रेषित प्रार्थनेला आणि वचनाच्या सेवेला मोकळे राहिले. निर्गम 18 मध्ये मोशेला त्याच्या सासऱ्याने हेच सांगितलं, एकटा करशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. भेटींची पाळी मंडळीतल्या वडिलांनी (जबाबदार ज्येष्ठांनी) लावून घ्यावी आणि सकाळी तातडीचं नसेल तर पाळकांना फोनच करू नये.

दुसरा_पाळक: ताई बरोबर, पण मला भेटी आणि मनन इतकं तोडावंसं वाटत नाही. मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे एकांतात प्रार्थना करतो, शिष्य शिमोन शोधत येतो की सगळे तुम्हाला शोधताहेत, तरी तो मागे न फिरता पुढच्या गावांना जातो. आणि मार्क 6 मध्ये विश्रांतीला निघालेला असताना लोकसमुदाय दिसतो तर कळवळून शिकवायला लागतो. म्हणजे कधी थांबायचं याचा ठरलेला नियम नाही, ते त्या पहाटेच्या प्रार्थनेतून येतं. मी सकाळचा उतारा दिवसभर सोबत नेतो आणि आजाऱ्याच्या खाटेजवळ तोच हळू वाचतो, समजावत बसत नाही. स्तोत्र 88 तर मला अशाच एका खाटेशी कळलं, ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि तरीही ती देवाशीच केलेली प्रार्थना आहे. दुःखातल्या माणसाला हे ऐकून किती मोकळं वाटतं बघा.

नवा_पाळक: 88 मी कधी उपदेशात घेतलंच नाही. उद्या एका घरी जायचंय, आई गेलीय त्यांची. तिथे वाचू का, की फार जड होईल?

दुसरा_पाळक: आधी त्यांना बोलू द्या. रडायलाही शब्द नाहीत असं दिसलं तर वाचा, आणि लगेच दिलाशाच्या स्तोत्र 23 वर उडी मारू नका. आज रात्री मात्र एकदा स्वतःसाठी वाचून जा.